रेतीने घेतलेलं वायूचं सोंग

रेतीचा एक मिलिमीटर जाडीचा दाणा घ्या. वजन जेमतेम १.४ मिलिग्रॅम. हा दाणा स्वतःच्या उंचीइतका वर उचलायला किती ऊर्जा लागेल ते काढा, आणि खोलीतल्या हवेचा एक रेणू निव्वळ तापमानामुळे जी ऊर्जा बाळगून असतो तिच्याशी ताडून पाहा. दाण्याचा आकडा दोन लाख कोटी पटींहून मोठा निघतो. त्यामुळे मे महिन्यात मुलुंडला पारा चाळिशीला टेकला काय किंवा जानेवारीत नॅशनल पार्ककडून बोरिवलीत गार वारा सुटला काय, रेतीला त्याचं सोयरसुतक नसतं. पुनर्विकासाला काढलेल्या सोसायटीच्या फाटकाशी ट्रकने ओतलेला ढीग ओतला तसाच पडून राहतो.

हवेचे रेणू असे कोपऱ्यात साचून बसत नाहीत, कारण त्यांची धावपळ फुकटात चालते. रेतीला तसं धावायला लावायचं तर बाहेरून काहीतरी द्यावं लागतं, आणि सगळ्यात सोपं देणं म्हणजे हादरा. खालची पाटी वरखाली हलवायची. सेकंदाला ५० वेळा हलणाऱ्या पाटीचा झोका मध्यापासून फक्त ०.१ मिलिमीटर असला तरी तिचं त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या बरोबरीला येतं आणि दाणे पाटी सोडायच्या बेताला येतात. झोका १ मिलिमीटरवर नेला की त्वरण दहापट होतं आणि पाटीचा कमाल वेग सेकंदाला ३१ सेंटिमीटरच्या आसपास पोचतो. तेवढ्या वेगाने सुटलेला दाणा अर्धा सेंटिमीटर उडतो. खाली येताना वर येणाऱ्या पाटीचा तडाखा बसला तर त्याहून बराच वर जातो.

काचेच्या दोन तावदानांमध्ये पोलादी गोळ्या भरून हा खेळ पाहिला, तर तो टप्प्याटप्प्याने उलगडतो. आधी सगळा थर एकगठ्ठा उडतो आणि एकगठ्ठा आपटतो. हादरे वाढवले की गठ्ठा सुटतो, गोळ्यांमध्ये जागा पडते, प्रत्येक गोळी आपापल्या वाटेने जाऊन दुसरीवर आदळते. मग थर असा उरतच नाही. तळाशी दाटी, वर विरळ, त्याहून वर एखादी चुकार गोळी. उंचीबरोबर घनता ज्या रीतीने घटते ती वातावरणाच्या घनतेसारखीच असते. या क्षणी पाहणाऱ्याला गोळ्या दिसेनाशा होतात आणि वायू दिसायला लागतो.

प्रश्न आहे तो हे सोंग किती खोलवर जातं हा. जेम्स क्लार्क मॅक्सवेलने १८६० साली वायूचं जे चित्र मांडलं त्यात तीन गोष्टी पक्क्या आहेत. रेणूंच्या वेगांची विभागणी ठरावीक घंटेच्या आकाराची असते. जड आणि हलके रेणू एकत्र असले तरी सरासरी ऊर्जा सगळ्यांच्या वाट्याला सारखीच येते. आणि वायूला एकटं सोडलं तर तो जसा आहे तसाच राहतो, थकत नाही. हादरलेल्या दाण्यांच्या बाबतीत या तिन्ही गोष्टी मोडतात. त्या किती मोडतात, कोणत्या क्रमाने, आणि मोडूनही वायूचं गणित का चालतं, यावर गेली चाळीस वर्षं काम चालू आहे. त्या कामाचा लक्षात घेण्याजोगा धागा आपल्या पवईच्या आयआयटीपर्यंत येतो, म्हणून हा आढावा.

जुना इतिहास थोडक्यात. अर्न्स्ट क्लाडनीने १७८७ साली थरथरत्या पत्र्यावर वाळू पसरून ध्वनीच्या आकृत्या दाखवल्या. मायकेल फॅरडेने १८३१ साली हादरणाऱ्या पत्र्यावर बारीक भुकटी ढिगाऱ्यांत का गोळा होते याचा छडा लावला. त्यात हवेचा हात आहे हे त्याने निर्वात जागेत प्रयोग करून दाखवलं. ऑस्बर्न रेनॉल्ड्सने १८८५ साली सांगितलं की घट्ट बसलेले दाणे सरकायचे तर आधी त्यांना फुगावं लागतं. राल्फ बॅग्नोल्ड या लष्करी अभियंत्याने वाळवंटातल्या वाळूवर १९४१ साली पुस्तक लिहिलं, ते आजही वाचलं जातं. पण या सगळ्यांनी दाण्यांकडे पाहिलं ते ढीग, प्रवाह किंवा टेकडी म्हणून. दाण्यांच्या गर्दीला वायूंचा गतिज सिद्धांत लावून बघायची चाल खऱ्या अर्थाने १९८३ मध्ये सुरू झाली. त्या वर्षी पीटर हाफने एक निबंध लिहिला आणि जेम्स जेन्किन्स व स्टुअर्ट सॅव्हेज या जोडीने दुसरा.

हाफचा युक्तिवाद इतका सरळ आहे की तो इथे पूर्ण सांगता येईल. दोन दाणे आदळले की थोडी ऊर्जा कायमची जाते. दाण्याच्या आत उष्णता बनून मुरते. आदळण्यानंतरचा वेग आधीच्या ०.९ पट उरत असेल, तर समोरासमोरच्या टकरीत त्या दोघांच्या परस्पर गतीची १९ टक्के ऊर्जा गेली. आता पाटी बंद केली, गुरुत्वाकर्षणही नाही असं धरलं, तर काय होईल? एका टकरीत जाणारी ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. टकरी किती वेळा होतील तेही वेगावरच ठरतं. वेग घटला की टकरी कमी, टकरी कमी झाल्या की घट मंदावते. गणित सोडवलं तर सरासरी वेग काळाच्या व्यस्त प्रमाणात आणि ऊर्जा काळाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटत जाते. घर्षण अजिबात नसलेल्या एखाद्या कॅरम बोर्डावर पहिल्या स्ट्राइकनंतर सोंगट्या अशाच निवत जातील. आधी झपाट्याने, मग रेंगाळत, पूर्ण थांबणार मात्र कधीच नाहीत.

आपल्याकडे म्हणतात की सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही. दाण्यांच्या वायूचा पैसा म्हणजे ऊर्जा. वायूसारखं उडणं जमतं, पसरणं जमतं, दाब देणंही जमतं; पण प्रत्येक टकरीला खर्च आहे आणि तो कुणीतरी भरत राहावा लागतो. माझ्या मते या विषयातलं जे जे चमत्कारिक आहे ते सगळं या एका खर्चातून निघतं. ऊर्जेची ही गळती टक्केवारीत कमी असली तर वायूची उपमा चालते, आणि ती जिथे तुटते तिथे कशी तुटणार हे आधी सांगता येतं. एवढं सांगता येणारी उपमा भौतिकशास्त्रात फार वेळा सापडत नाही.

पहिली तूट निवण्यातच दिसली. हाफने दाणे सगळीकडे सारखे पसरलेले धरले होते. १९९३ साली आयझॅक गोल्डहिर्श आणि जी. झानेट्टी यांनी संगणकावर दाखवलं की निवणारे दाणे सारखे पसरलेले राहातच नाहीत. कुठेतरी योगायोगाने चार दाणे जास्त जमले की तिथे टकरी वाढतात. टकरी वाढल्या की तिथली ऊर्जा लवकर संपते, दाब घटतो आणि आजूबाजूचे दाणे तिकडेच ढकलले जातात. थोड्या वेळाने वायूच्या जागी दाण्यांचे लांबट पुंजके आणि मधे मोकळी मैदानं दिसू लागतात. त्याआधी शॉन मॅकनमारा आणि विल्यम यंग यांनी एका रेषेतल्या दाण्यांसाठी त्याहून विचित्र शक्यता मांडली होती: ठरावीक मर्यादेपलीकडे ऊर्जा गळत असेल तर मोजक्या काळात अगणित टकरी होऊन दाणे एकमेकांना चिकटल्यासारखे थांबतात. टप्पे घेत घेत थांबणाऱ्या चेंडूचं गणित तेच आहे. टप्पे अगणित, पण एकूण वेळ मोजकाच. प्रत्यक्षात मात्र टक्कर जितकी हळू, तितकं नुकसान कमी होतं. अगदी मंद टकरीत दाणा जवळजवळ पूर्ण उसळतो, त्यामुळे हा संपूर्ण कोसळा खऱ्या दाण्यांत होत नाही. निकोलाय ब्रिलियांटोव्ह आणि थॉर्स्टन पोशेल यांनी ही दुरुस्ती धरून निवण्याचा नियमही बदलून दाखवला.

इथवर पाटी बंद होती. आता चालू पाटीकडे येऊ, कारण पवईचा धागा तिथे आहे.

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत व्ही. कुमारन यांनी १९९८ मध्ये हादरणाऱ्या पाटीवरच्या दाण्यांचं 'तापमान' काय असावं याचं गणित मांडलं. दाण्यांच्या जगात तापमान म्हणजे त्यांच्या विस्कळीत वेगांची सरासरी ऊर्जा; थर्मामीटरशी त्याचा संबंध नाही. त्यांच्याकडे पीएचडी करणाऱ्या पी. सुंथर यांनी १९९९ आणि २००१ च्या निबंधांत हे काम दाट आणि विरळ अशा दोन्ही अवस्थांकडे वाढवलं आणि संगणकावरच्या प्रतिरूपांशी ताडून पाहिलं. सुंथर पुढे पवईला आयआयटीच्या केमिकल इंजिनिअरिंग विभागात प्राध्यापक झाले.

या मांडणीचा गाभा जमाखर्चाचा आहे. जमा बाजूला पाटी: ती प्रत्येक धडकेत दाण्याला थोडी ऊर्जा देते, सरासरीने तिच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. खर्च बाजूला टकरी: दाणे जितके जास्त आणि उसळी जितकी कमी, तितकी गळती जास्त. दोन्ही बाजू जुळवल्या की तापमान निघतं. पाटीचा वेग दुप्पट केला की तापमान चौपट. पाटीवर दाण्यांचे थर दुप्पट केले की तापमान निम्मं. दाणे काचेचे असोत वा पोलादाचे, त्यांची उसळी किती एवढं कळलं की पुरे. शिवाय पाटीचा वेग दाण्यांच्या वेगापेक्षा बराच कमी असेल आणि टकरींतली गळती थोडी असेल, तर पहिल्या अंदाजात मॅक्सवेलचीच घंटा हाती लागते आणि घनता उंचीबरोबर वातावरणासारखी घटते. त्यानंतरची दुरुस्ती पायरी पायरीने काढता येते. वाळूसारख्या बेशिस्त वस्तूकडून इतकं नेटकं गणित वसूल करणं सोपं नाही. या निबंधांची मला आवडलेली गोष्ट म्हणजे आपलं गणित कुठल्या मर्यादेत खरं आहे हे ते सुरुवातीलाच सांगतात, आणि मर्यादेबाहेर पाऊल टाकल्यावर काय बिघडतं ते पुढे मोजून दाखवतात.

बिघाड प्रयोगशाळेतही मोजले गेले. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात फ्लोरेन्स रूयेर आणि नारायणन मेनन यांनी उभ्या, सपाट पेटीत पोलादी गोळ्या हादरवल्या आणि अतिवेगवान कॅमेऱ्याने त्यांचे वेग टिपले. २००० साली छापलेला निष्कर्ष असा: फार वेगवान गोळ्या मॅक्सवेलच्या हिशेबापेक्षा जास्त सापडतात. मॅक्सवेलच्या सूत्रात वेगाचा घात २ असतो, इथे तो १.५५ च्या आसपास निघाला. गळती आणि बाहेरून मिळणारा पुरवठा यांचा तोल धरला तर घंटेच्या कडेला तो १.५ यावा, असं गणित दोनच वर्षं आधी मांडलं गेलं होतं. पुढे २००२ मध्ये क्लेबर्ट फेतोसा आणि मेनन यांनी दोन प्रकारच्या गोळ्या एकत्र हादरवून दाखवलं की जड आणि हलक्या गोळ्यांना सारखी ऊर्जा मिळत नाही. जड गोळ्या जास्त 'तापतात'. हवेत ऑक्सिजन आणि नायट्रोजन एकाच तापमानाला असतात, दाण्यांच्या मिश्रणात दोन तापमानं सुखाने शेजारी नांदतात. याचा व्यवहारात अर्थ असा की 'तापमान' हा शब्द दाण्यांसाठी वापरायला हरकत नाही, पण दोन वस्तू एकमेकींना लावून ठेवल्या की तापमान सारखं होतं, हा तापमानाचा सगळ्यात मोठा उपयोग इथे हातातून जातो.

यापुढचा प्रयोग घरी करता यावा इतका साधा आहे. पारदर्शक डब्यात मधोमध पडदा उभा करायचा आणि पडद्यात तळापासून थोड्या उंचीवर एक फट ठेवायची. दोन्ही कप्प्यांत सारख्या गोळ्या टाकून डबा हादरवायचा. हादरे जोराचे असतील तर गोळ्या फटीतून ये-जा करतात आणि दोन्हीकडे साधारण सारख्याच राहतात. हादरे हळूहळू कमी करत नेले की एका ठरावीक जोरानंतर समतोल ढळतो. एका कप्प्यात दोन गोळ्या जास्त झाल्या की तिथे टकरी वाढतात, तिथलं तापमान उतरतं, उड्या छोट्या होतात आणि फटीपर्यंत पोचणाऱ्या गोळ्या कमी होतात. दुसऱ्या कप्प्यात विरळ गोळ्या उंच उडतात आणि फटीतून इकडे येऊन पडतात. पैशाकडे पैसा जातो तसा प्रकार. अखेर जवळजवळ सगळ्या गोळ्या एकाच कप्प्यात थंड पडलेल्या आणि दुसऱ्यात मोजक्या गोळ्या जोरात उडत राहिलेल्या. एच. योआखिम श्लिख्टिंग आणि फोल्कहार्ड नॉर्डमायर यांनी १९९६ मध्ये हा प्रयोग शिक्षकांसाठी लिहिला आणि येन्स एगर्सने १९९९ मध्ये त्याचं गणित दिलं. मॅक्सवेलने कल्पिलेला, दाराशी बसून गरम आणि थंड रेणू वेगळे करणारा राक्षस इथे कुणी न बोलावता हजर झाला. ऊष्मागतिकीचा दुसरा नियम मात्र शाबूत आहे. पाटी सतत ऊर्जा ओतते, टकरींत ती दाण्यांच्या आतल्या अणूंकडे जाते, आणि एन्ट्रॉपीची सगळी वाढ तिकडे जमा होते. हादरे बंद केले तर राक्षसाची नोकरीही संपते.

गुरुत्वाकर्षण या सगळ्या प्रयोगांत अडचण करतं, कारण ते दाण्यांना सारखं खाली ओढतं आणि पुंजके बनतात ते वजनामुळे की गळतीमुळे हे वेगळं काढता येत नाही. एरिक फाल्कों आणि सहकाऱ्यांनी म्हणून पितळेसारख्या धातूच्या बारीक गोळ्यांच्या पेट्या रॉकेटने वर पाठवल्या आणि काही मिनिटांच्या भारहीन अवस्थेत त्या हादरवल्या. १९९९ मध्ये त्यांनी कळवलं की विरळ पेटीत गोळ्या वायूसारख्या फिरत राहिल्या आणि दाट पेटीत मधोमध एक स्तब्ध पुंजका जमला. म्हणजे पुंजका बनायला वजनाची गरज नाही. नंतर जर्मनीत चुंबकाने तरंगत्या ठेवलेल्या दाण्यांवर हाफचा निवण्याचा नियमही ताडून पाहिला गेला.

भारहीन जागेत अशी दाणेदार गर्दी निसर्गाने फार मोठ्या प्रमाणावर मांडून ठेवली आहे: शनीची कडी. गंमत म्हणजे ती कडी घन किंवा द्रव नसून असंख्य सुटे तुकडे आहेत हे गणिताने दाखवणारा माणूसही मॅक्सवेलच. १८५९ साली त्याने तो निबंध छापला आणि पुढच्याच वर्षी वायूंचा गतिज सिद्धांत. शनीच्या बर्फाळ तुकड्यांना पाटी हादरवत नाही. आतल्या कक्षेतले तुकडे वेगाने आणि बाहेरचे हळू फिरतात, त्या ओढाताणीतून ऊर्जा मिळते. टकरींत ती गळते, म्हणूनच लाखो किलोमीटर पसरलेली कडी बहुतेक ठिकाणी काही मीटर ते काही दशमीटर एवढ्याच जाडीची राहिली आहेत. गळती नसती तर ती कधीच फुगली असती.

या विषयावर भारतात काम करणाऱ्यांचा कल वायूच्या पुढे काय, याकडेही वळला. बंगळूरला अजय सूद, श्रीराम रामस्वामी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी हादरणाऱ्या पाटीवर गोळ्यांऐवजी एका टोकाला निमुळत्या होत जाणाऱ्या पितळी सळ्या ठेवल्या. पाटी वरखालीच हलते, पण सळीच्या दोन टोकांत फरक असल्यामुळे ती उभा हादरा आडव्या चालीत बदलते आणि निमुळत्या टोकाकडे सरकते. त्या विद्यार्थ्यांपैकी नितीन कुमार यांच्या २०११ च्या निबंधात अशी एक सळी बराच काळ पाहिली आहे. ती मधूनच उलटी जाते, आणि उलटं जाण्याच्या शक्यता सूक्ष्म जगातल्या चढउतारांच्या नियमांशी जुळतात. २०१४ मध्ये त्यांनी थोड्याच सळ्या ॲल्युमिनियमच्या मण्यांच्या गर्दीत सोडल्या. सळ्या एकमेकींपासून लांब होत्या, तरी मण्यांची दाटी वाढवली की सगळ्या एकाच दिशेने चालू लागल्या. मधल्या मण्यांनी निरोप पोचवला. नितीन कुमार आता पवईच्या आयआयटीत भौतिकशास्त्र शिकवतात आणि स्वतः चालणाऱ्या छोट्या यंत्रमानवांवर प्रयोग करतात. दाण्यांच्या वायूचा अभ्यास म्हणजे खेळण्यातलं भौतिकशास्त्र, असं कुणी म्हटलं तर त्याला मी हा धागा दाखवीन. ऊर्जेच्या गळतीचं जे गणित पोलादी गोळ्यांसाठी रचलं, तेच आज जिवंत पेशी आणि पक्ष्यांच्या थव्यांच्या अभ्यासात कामाला येतं, कारण तिथेही प्रत्येक घटक ऊर्जा खातो आणि उडवतो.

पवईच्या त्याच आवारात दाण्यांच्या प्रवाहाचं मोठं काम झालं ते देवांग खाखर यांच्या गटात. २००९ ते २०१९ या काळात ते संस्थेचे संचालकही होते. त्यांचा विषय वायू नव्हे, द्रव. आडव्या फिरत्या नळकांड्यात दाण्यांचा पातळ थर वरून घसरतो आणि मोठे-लहान, जड-हलके दाणे आपोआप वेगळे होतात. हे मिश्रण बिघडतं कसं याची सूत्रं त्यांनी आणि ज्युलिओ ऑटिनो यांनी दिली. त्यांचे विद्यार्थी आशिष ओर्पे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पुढचं काम करतात. गोळी-औषधं बनवणाऱ्या कोणत्याही कारखान्याला या प्रश्नाशी रोज झुंजावं लागतं. शंभर मिलिग्रॅमच्या गोळीत औषध एकच मिलिग्रॅम असेल, तर यंत्राच्या हादऱ्याने पूड वेगळी पडली की कुणाला दुप्पट मात्रा आणि कुणाला नुसता स्टार्च. (कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दीपक धर यांनी १९९० मध्ये सोडवलेला वाळूच्या ढिगाचा नमुना मी इथे मुद्दाम बाजूला ठेवतो. त्यांना २०२२ चं बोल्ट्झमन पदक मिळालं, पण तो नमुना एकेक दाणा हळूच टाकण्याचा आहे, हादऱ्याचा नाही.)

वेगळं पडण्याची ही गोष्ट स्वयंपाकघरात जुनी आहे. सुपात पाखडताना हलकी फोलपटं पुढे जाऊन पडतात, घोळताना खडे एका कडेला येतात; दाणे उडवणं आणि दाणे लोळवणं या दोन वेगवेगळ्या क्रिया आहेत हे मनगटाला माहीत असतं. चिवड्याचा डबा घाटकोपरहून पुण्यापर्यंत गाडीच्या डिकीत गेला की वर शेंगदाणे आणि तळाला चुरा. अँथनी रोसाटो आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये संगणकावर दाखवलं की हादऱ्यात मोठ्या दाण्याखाली पडणाऱ्या फटीत लहान दाणे घुसतात, पण लहानांच्या फटीत मोठा घुसू शकत नाही. नंतर कळलं की डब्याच्या कडेने खाली आणि मधून वर असा दाण्यांचा फेराही चालतो आणि मोठे दाणे त्यावर स्वार होऊन वर येतात. हवा, घनता, हादऱ्याचा जोर बदलला तर मोठा दाणा तळालाही जातो. या एका प्रश्नावर इतके निबंध निघाले आहेत की चिवडा संपेल, ते संपणार नाहीत.

उलट प्रकार बघायचा तर उपनगरात कुठेही स्लॅब टाकायच्या दिवशी जावं. अंधेरीपासून दहिसरपर्यंत तशी जागा शोधावी लागत नाही. ओल्या काँक्रीटमध्ये व्हायब्रेटरची सुई खुपसली की मिनिटाला हजारो हादऱ्यांनी खडीचे दाणे एकमेकांना धरून ठेवणं सोडतात, मघापर्यंत ढीग धरून असलेला माल खिरीसारखा सळयांच्या मधे पसरतो आणि अडकलेली हवा बुडबुड्यांनी वर येते. सुई कमी वेळ धरली तर आत पोकळ्या राहतात. जास्त वेळ धरली तर खडी तळाला बसते आणि पाणी-सिमेंटची लापशी वर तरंगते. डब्यातला मोठा शेंगदाणा वर येतो आणि काँक्रीटमधली मोठी खडी खाली जाते, याचं कारण भोवतालचं माध्यम. सुक्या दाण्यांत फटींचा खेळ जिंकतो, ओल्या मालात खडीचं वजन.

लिओ कॅडनॉफसारख्या मोठ्या सैद्धांतिकाने १९९९ मध्येच आक्षेप घेतला होता की दाण्यांना द्रव-वायूंची समीकरणं लावणं मुळात कितपत बरोबर आहे. वायूत एका रेणूचा आकार आणि भांड्याचा आकार यांत प्रचंड अंतर असतं; दाण्यांच्या प्रयोगात सगळा थरच कधी कधी दहा-वीस दाण्यांचा असतो, मग सरासरी कशाची काढायची? आक्षेप रास्त आहे. पण विरळ, गोल, चांगल्या उसळणाऱ्या दाण्यांसाठी ही समीकरणं प्रयोगांशी जुळली आहेत हेही तितकंच खरं. खरी अडचण मधल्या पट्ट्यात आहे. हाइन्रिख येगर, सिडनी नेगल आणि रॉबर्ट बेह्रिंगर यांनी १९९६ च्या त्यांच्या गाजलेल्या आढाव्यात दाण्यांचे घन, द्रव आणि वायू असे तीन कप्पे केले, पण एकाच पाटीवर हे कप्पे एकाच वेळी असू शकतात. जेफ्री ओलाफसन आणि जेफ्री अर्बाक यांच्या १९९८ च्या प्रयोगात एकथरी पोलादी गोळ्यांवरचे हादरे कमी केले की षटकोनी मांडणीचा गोठलेला ठोकळा आणि त्याच्या कडेला फिरणारा वायू दोघं शेजारी दिसले. घासून थांबणारे दाट दाणे आणि आदळून निवणारे विरळ दाणे या दोहोंना एकाच समीकरणात बसवणं अजून जमलेलं नाही. त्यात खरे दाणे गोल नसतात, फिरतात, घासून विजेने भारले जातात. पावसाळ्यातल्या मुंबईच्या दमट हवेत तर बारीक दाण्यांमध्ये पाण्याचे सूक्ष्म पूल तयार होऊन ते एकमेकांना चिकटतात आणि वायू व्हायलाच नकार देतात.

साइटवर सुई किती वेळ धरायची हा प्रश्न नेमका याच मधल्या पट्ट्यातला आहे. माल किती घट्ट, खडी किती मोठी, हादरे किती जोराचे एवढं दिलं की सेकंद सांगणारं, दाण्यांच्या पहिल्या तत्त्वांपासून निघालेलं सूत्र अजून कुणाकडे नाही. नियमपुस्तकं अनुभवातून आलेली अंतरं आणि वेळा देतात. सुई धरणारा बुडबुडे यायचे थांबले आणि वरचा भाग चकाकू लागला की ती सावकाश वर काढतो आणि हातभर पुढे पुन्हा खुपसतो.